प्राणिसंग्रहालयातल्या चिंपांझींचं सामाजिक वर्तन कसं पाहावं? सातारा-सांगलीच्या विद्यार्थ्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राणिशास्त्राच्या फील्ड प्रोजेक्टसाठी चिंपांझी निवडणारी मुलं-मुली दरवर्षी असतात. विषय फार चांगला आहे. पण मिरजेहून रात्रभर प्रवास करून जायचं, पिंजऱ्यासमोर दोन दिवस उभं राहायचं आणि शेवटी वहीत "चिंपांझी खेळत होते, नंतर भांडले" एवढंच लिहून यायचं, असं व्हायला नको. म्हणून हे प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

सातारा किंवा सांगली जिल्ह्यात चिंपांझी आहे का?

नाही. चिंपांझी मूळचा पश्चिम, मध्य आणि पूर्व आफ्रिकेतला. आपल्याकडे तो फक्त मोठ्या प्राणिसंग्रहालयांत दिसतो, आणि पुण्याच्या कात्रजलाही तो नाही. आपल्या भागातून जायला सोयीचं ठिकाण म्हणजे म्हैसूरचं श्री चामराजेंद्र प्राणिसंग्रहालय, स्थापना 1892. साताऱ्याहून आणि मिरजेहून म्हैसूरला थेट गाड्या आहेत, पण त्या रोज नाहीत. आधी गाडीचे वार बघा, मग निरीक्षणाचे दिवस ठरवा. मंगळवारी प्राणिसंग्रहालय बंद असतं. रविवारी आणि सणासुदीला गर्दी एवढी असते की खंदकाच्या कठड्यापाशी उभं राहायलाही जागा मिळत नाही. बुधवार ते शनिवार हे चार दिवस सर्वांत बरे. निघण्याआधी फोन करून एकच गोष्ट विचारा: सध्या चिंपांझी किती आहेत आणि ते एकत्र सोडतात की पाळीपाळीने? पाळीपाळीने सोडत असतील तर "कोण कोणाजवळ बसतं" या प्रश्नाला अर्थच उरत नाही आणि प्रोजेक्टचा विषय बदलावा लागतो.

जाण्याआधी सराव करायचा असेल तर कशावर करायचा?

सराव केलाच पाहिजे. म्हैसूरला पोचून पहिल्यांदा तक्ता भरणाऱ्याचा पहिला दिवस वाया जातो.

सर्वांत सोपी सुरुवात घरच्या किंवा शेजारच्या कोंबड्यांवर होते. कोंबड्यांमधली "कोण कोणाला टोचतं" ही उतरंड नॉर्वेच्या थॉर्लाइफ शेल्डरुप-एबे यांनी 1920च्या दशकात मांडली आणि प्राण्यांमधल्या वर्चस्वाचा अभ्यास तिथून पुढे वाढला. पाच-सहा कोंबड्यांच्या पायांना वेगवेगळ्या रंगाचे दोरे सैलसर बांधा. मूठभर ज्वारी पसरून टाकू नका, एकाच जागी टाका. दाणे पसरले की सगळ्या आपापलं खातात आणि काहीच कळत नाही. कोणी कोणाला टोचलं, कोण कोणाला बघून बाजूला झाली, एवढंच वीस मिनिटं लिहा. तीन दिवसांत तक्ता तयार होतो.

दुसरी पायरी माकडांची. महाबळेश्वरच्या पॉइंटांवर आणि जुन्या महाबळेश्वरच्या देवळांभोवती टोपीसारखे केस असलेली लाल-करड्या तोंडाची माकडं सहज मिळतात. जिथे पर्यटक मक्याची कणसं आणि चिप्स देतात, तिथे मात्र सराव करू नका. तिथे तुमच्या वहीत नुसती हिसकाहिसकी भरेल. सकाळी लवकर, दुकानं उघडायच्या आत जा. तेव्हा ती एकमेकांना चिकटून बसलेली असतात, आणि खरं बघण्यासारखं तेच असतं. माकडांना खायला देऊ नका, डोळ्याला डोळा लावू नका, पिशवी उघडी ठेवू नका.

माकड, वानर आणि चिंपांझी यांचा समाज सारखाच असतो ना?

अजिबात नाही. इथला सराव तिकडे जसाच्या तसा लावला की चुका होतात.

आपल्या टोपीवाल्या माकडांमध्ये माद्या जन्मभर त्याच टोळीत राहतात, नर वयात आल्यावर बाहेर पडतात. त्यामुळे टोळीचा कणा म्हणजे आजी, आई, मुली, बहिणी. काळ्या तोंडाच्या वानरांमध्ये बऱ्याच टोळ्यांत एकच मोठा नर असतो, आणि बाहेरचा नर टोळीवर ताबा मिळवतो तेव्हा तो तान्ही पिल्लं मारू शकतो. हे पहिल्यांदा नीट नोंदवलं गेलं ते आपल्या शेजारच्या धारवाडला. 1960च्या दशकात जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी तिथल्या वानरांवर काम केलं. म्हैसूरला जाताना गाडी धारवाडवरूनच जाते.

चिंपांझीत उलटं. नर जन्मगटातच राहतात आणि बहुतेक माद्या वयात आल्या की दुसऱ्या गटात जातात, आपल्याकडे लेकी सासरी जातात तसं. गटही दिवसभर एकत्र नसतो. वस्त्या-वस्त्यांवर विखुरलेली भावकी जत्रेला एकत्र येते, तसे दोघं-चौघं चिंपांझी रानात वेगवेगळे फिरतात आणि फळांनी लगडलेल्या मोठ्या झाडाखाली जमतात. आणि मुख्य म्हणजे चिंपांझीला शेपूट नाही. तो माकड नाही, कपि (इंग्रजीत ape) आहे. अहवालात "चिंपांझी हे माकड" असं लिहिलंत तर परीक्षक पहिल्या पानावरच लाल शाई लावतील.

कोंडलेल्या प्राण्यांचं वर्तन खरं मानायचं का?

मानायचं, पण कशाबद्दल ते नीट सांगायचं. पिंजऱ्यात चिंपांझी कुठे जाऊ शकत नाही. रानात भांडण झालं की हरलेला दोन दिवस दुसऱ्या तुकडीत निघून जातो, इथे त्याला त्याच अंगणात राहावं लागतं. अन्न शोधावं लागत नाही, म्हणून रिकामा वेळ खूप. त्यामुळे कोण कोणाचे केस निवडतं (बोटांनी बाजूला सारून साफ करतं), भांडण कसं मिटवतात, कोण कोणाच्या बाजूने उभं राहतं, हे प्राणिसंग्रहालयात रानापेक्षा जवळून दिसतं. अन्नासाठी किती फिरतात, गट कसा फुटतो-जुळतो, हे मात्र इथे कळणार नाही.

याचं सर्वांत मोठं उदाहरण नेदरलँड्समधल्या आर्नहेमच्या बर्गर्स प्राणिसंग्रहालयाचं. तिथे 1971 मध्ये मोठ्या मोकळ्या बेटावर चिंपांझींचा गट ठेवला गेला. फ्रान्स डी वाल यांनी 1970च्या दशकात तिथे वर्षानुवर्षं नोंदी घेतल्या. येरून या म्होरक्या नराला लाउट या नराने खाली खेचलं. मग येरूनने निकी या तरुण नराशी संधान बांधलं आणि दोघांनी मिळून लाउटला बाजूला सारलं. 1980 मध्ये लाउट रात्रीच्या खोलीत झालेल्या मारामारीत जखमांनी मेला. नरांच्या युत्या कशा जुळतात, कशा मोडतात हे तिथे दिवसागणिक लिहिलं गेलं, ते भिंतीआडच शक्य होतं. आणि लाउट गेला तोही भिंतीआडच, पळून जायला जागा नसताना. अहवालात या दोन्ही बाजू यायला हव्यात.

परवानगी लागते का?

तिकीट काढून, प्रेक्षकांच्या जागेवरून नुसतं बघायला आणि लिहायला वेगळी परवानगी सहसा लागत नाही. तरीही महाविद्यालयाच्या प्राचार्यांच्या सहीचं पत्र प्राणिसंग्रहालयाच्या संचालकांना महिनाभर आधी पाठवा. पत्रात चार गोष्टी असू द्या: किती जण, कोणते दिवस, कुठून बघणार आणि "प्राण्यांशी कोणताही संपर्क करणार नाही" हे वाक्य. पत्राचा खरा फायदा असा की रखवालदार तुमच्याशी बोलतात. प्रत्येक चिंपांझीचं नाव, वय, आई कोण, हे त्यांच्याकडूनच मिळतं. त्याशिवाय तुमचा नात्यांचा तक्ता आंधळा राहील.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 38-जे नुसार प्राणिसंग्रहालयात प्राण्यांना चिडवणं, खायला देणं, आवाजाने त्रास देणं हा गुन्हा आहे. "प्रतिक्रिया बघायला" म्हणून टाळ्या वाजवणं यातच येतं.

सोबत काय काय न्यायचं?

लिहायचं क्लिपवालं पॅड, छापलेले तक्ते (अंदाजापेक्षा दीडपट), शिसपेन्सिली आणि खोडरबर. पेन नको. पावसाचा थेंब किंवा घामाचा हात लागला की शाई पसरते. मोबाईलवर दर मिनिटाला थरथरणारा टायमर लावा, आवाज बंद ठेवा. 8×42 ची दुर्बीण पुरते. 10×50 जड पडते आणि अर्ध्या तासात हात कापायला लागतो. टोपी, पाणी, पातळ मळक्या रंगाचा शर्ट. व्हिडिओ काढायचा असेल तर कॅमेऱ्याचं वेगळं शुल्क असतं का ते तिकीट खिडकीवर विचारा. पण व्हिडिओच्या भरवशावर राहू नका. चौकटीबाहेरून कोण आलं हे व्हिडिओत दिसत नाही, आणि सामाजिक वर्तनात तेच महत्त्वाचं असतं.

सगळे सारखेच दिसतात. ओळखायचे कसे?

पहिला अर्धा दिवस फक्त यासाठी ठेवा. या अर्ध्या दिवसात एकही आकडा लिहू नका. प्रत्येकासाठी एक पान, त्यावर चेहऱ्याचं ओबडधोबड चित्र. बघायचं ते असं: कान केवढे आणि किती बाहेर आलेले, कुठे फाटलेला आहे का. कपाळावर टक्कल कुठपर्यंत. चेहऱ्याची कातडी फिकट की काळी, डाग कुठे (वयाबरोबर चेहरा गडद होत जातो). हनुवटीवर पांढरे केस. बोट तुटलेलं, एक पाय ओढत चालणं. पाठीवर करडेपणा. लहान पिल्लाच्या ढुंगणावर पांढऱ्या केसांचा झुपका असतो, तो साधारण पाचव्या वर्षापर्यंत जातो.

मित्राने पानं उलटसुलट करून विचारावं आणि तुम्ही पिंजऱ्यातला प्राणी दाखवावा. सगळे दोनदा सलग बरोबर आले की पुढे जा. पाठमोरा बसलेला ओळखता येत नसेल तर अजून तयारी झालेली नाही, कारण चिंपांझी अर्धा वेळ पाठच दाखवतात.

वर्तनांची यादी कशी बनवायची?

प्रत्येक वर्तनाची व्याख्या अशी लिहा की तुमच्या लहान भावालाही ते बघून ओळखता यावं. काय झालं ते लिहा, का झालं ते लिहू नका. "रागावला" हे वर्तन नाही. "अंगावरचे केस उभे, दोन पायांवर उभा राहून डुलतो, हाताने जमिनीवर आपटतो" हे वर्तन आहे. "प्रेमाने जवळ घेतलं" असं नको. "एक किंवा दोन्ही हात दुसऱ्याच्या अंगाभोवती, छाती टेकलेली, दोन सेकंदांहून जास्त" असं लिहा.

पहिल्या प्रोजेक्टला बारा ते पंधरा वर्तनं पुरेत. चाळीस लिहिलीत तर तक्त्यात शोधेपर्यंत प्राणी उठून जातो. किमान एवढी असावीत: एकटं बसणं, हाताच्या अंतरात दुसऱ्याजवळ बसणं, केस निवडणं, केस निवडून घेणं, स्वतःचे केस निवडणं, स्वतःला जोरात खाजवणं, खेळ, मिठी किंवा तोंडाला तोंड लावणं, झुकून धापा टाकत हुंकारणं, केस उभे करून दरारा दाखवणं, पाठलाग किंवा मार, खाणं, फिरणं, विचित्र वर्तन, दिसत नाही. शेवटचं विसरू नका. "दिसत नाही" हा रकाना नसला की सगळा हिशेब पुढे चुकतो.

नोंद घ्यायची नेमकी पद्धत कोणती?

जीन ऑल्टमन यांनी 1974 मध्ये वर्तन नोंदवण्याच्या पद्धतींची मांडणी केली, तिच्यावरच आजही सगळं उभं आहे. "जे दिसेल ते लिहायचं" ही पद्धत सराव म्हणून ठीक आहे. पण तिच्यावर आकडे काढायचे नाहीत, कारण डोळा नेहमी आरडाओरड्याकडे जातो आणि कोपऱ्यात शांत बसलेली म्हातारी मादी वहीत येतच नाही.

दोघं असाल तर कामं वाटून घ्या.

एकाने एकाच प्राण्यावर दहा मिनिटं लक्ष ठेवायचं. दर मिनिटाला टायमर थरथरला की त्या क्षणी तो काय करतोय तेवढंच लिहायचं, आधीचं नाही, नंतरचं नाही. मार, मिठी, हुंकार यांसारख्या क्षणिक गोष्टी मात्र दहा मिनिटांत केव्हाही झाल्या तरी बाजूच्या रकान्यात लिहायच्या, कारण मिनिटाच्या ठोक्यावर त्या क्वचितच सापडतात. पुढचा प्राणी कोणता, हे चिठ्ठ्या टाकून आधीच ठरवून घ्या. "आता हा जरा मजेशीर करतोय, याचं घेऊ" हा मोह झाला की नोंद बिघडली.

दुसऱ्याने दर दहा मिनिटांनी सगळ्या गटावर डावीकडून उजवीकडे एक नजर फिरवायची आणि कोण कोणाच्या हाताच्या अंतरात आहे ते लिहायचं. एका फेरीला वीस सेकंद ते एक मिनिट लागतं.

समजा पाच चिंपांझी आहेत. प्रत्येकाची दहा मिनिटं आणि मध्ये तीन मिनिटं शोधायला, म्हणजे एक फेरी 65 मिनिटांची. सकाळी एक, दुपारी एक. ओळखीचा वेळ सोडून नोंदीच्या चार दिवसांत प्रत्येकाच्या आठ फेऱ्या, म्हणजे 80 क्षण. अन्न द्यायची वेळ या फेऱ्यांत मिसळू नका. तेव्हा भांडणं वाढतात. ती वेळ वेगळ्या तक्त्यावर घ्या.

ते एकमेकांच्या उवा काढतात का?

लोक तसंच म्हणतात, पण बहुतेक वेळा केसांतून निघतो तो कोंडा, मळ, सुकलेल्या जखमेची खपली. हे वर्तन दुर्बिणीतून दहा मिनिटं सलग बघा. एका हाताचा अंगठा केस दाबून बाजूला करतो, दुसऱ्या हाताची तर्जनी कातडीवर खरवडते, काही सापडलं की ओठांनी उचललं जातं आणि ओठांचा चपचप आवाज येतो. मग ज्याचे केस निवडले जातायत तो हात वर करतो, काख पुढे करतो, म्हणजे "आता इथे". कधी दोघंही एकाच वेळी एकमेकांचे निवडतात.

गटातलं नातं मोजायला याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. म्हणून दिशा लिहायलाच हवी: कोणी कोणाचे, किती वेळ, आणि उठून आधी कोण गेलं. "अ आणि ब केस निवडत होते" या नोंदीचा उपयोग अर्धाच. मारामारी दिवसातून दोनदा होईल, हे काम मात्र तासन्‌तास चालतं. बहुतेक विद्यार्थी मारामारीची वाट बघत बसतात आणि समोर चाललेला खरा व्यवहार सोडून देतात.

चिंपांझी दात दाखवतो म्हणजे हसतो का?

वरचे-खालचे दोन्ही दात दिसत असतील आणि ओठ मागे ओढलेले असतील तर ते हसू नाही. ती भीती किंवा दबून जाणं. खेळातला चेहरा वेगळा: तोंड सैल उघडं, वरचे दात बहुधा ओठाखाली झाकलेले, आणि धापा टाकल्यासारखा आवाज. ते त्यांचं हसणं. गुदगुल्या करताना हा आवाज हमखास येतो. जांभईही झोपेचीच असते असं नाही. तणावाच्या वेळी जांभया आणि जोरजोरात खाजवणं दोन्ही वाढतात, म्हणून खाजवणं यादीत ठेवायला सांगितलं आहे.

आणि तुम्ही स्वतः दात काढून त्यांच्याकडे टक लावून बघू नका.

गटाचा म्होरक्या कसा ओळखायचा? सर्वांत मोठा तोच ना?

नाही. केस फुलवलेला नर नेहमीच मोठा दिसतो, आणि दुसऱ्यांच्या पाठिंब्यावर बारीक नरही वर असू शकतो. आर्नहेममध्ये तेच झालं.

भरवशाची खूण म्हणजे धापा टाकत केलेला हुंकार. खालच्या दर्जाचा प्राणी अंग झुकवून, वर बघत "ओह-ओह-ओह" असा आवाज करत वरच्याकडे जातो. हा हुंकार एकाच दिशेने जातो. म्हणून चौकोनी तक्ता काढा, आडव्या ओळीत हुंकारणारा, उभ्या रकान्यात ज्याला हुंकारलं तो. मग नावांचा क्रम असा बदला की जास्तीत जास्त आकडे कर्णाच्या एकाच बाजूला येतील. तोच दर्जाचा क्रम. दोघांमध्ये एकदाही हुंकार नसेल तर तिथे शून्य लिहून "ठरलेलं नाही" म्हणा, अंदाजाने भरू नका.

दरारा दाखवताना नर लांबून दिसतो: आधी दबका हू-हू, तो वाढत जातो, केस उभे, अंग डोलतं, मग फांदी किंवा गवत ओढत धाव, दारावर लाथ, शेवटी किंकाळी. यातला बराचसा देखावा कोणाच्या अंगावर न जाताच संपतो. त्याला "मारामारी" लिहू नका.

माद्यांकडे दुर्लक्ष करू नका. आर्नहेमची मामा नावाची मादी नरांची भांडणं सोडवायची, आणि तिच्या पाठिंब्याशिवाय कोणाचं फारसं चालत नसे. ती 2016 मध्ये गेली.

भांडणानंतर काय बघायचं?

मार खाल्लेल्यावर लगेच दहा मिनिटं लक्ष धरा. मारणारा आणि मार खाणारा पुन्हा एकमेकांकडे जातात का? हात पुढे करणं, मिठी, तोंडाला तोंड, केस निवडणं? पहिला संपर्क कितव्या मिनिटाला आणि पुढाकार कोणाचा? यालाच समेट म्हणतात. डी वाल आणि फान रोसमालेन यांनी 1979 मध्ये आर्नहेमच्या नोंदींवरून तो मांडला. तिसराच कोणी येऊन मार खाल्लेल्याला जवळ घेतो, तो दिलासा, त्याची नोंद वेगळी.

तुलना नसेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. दोघं तसेही शेजारी बसणारे असतील तर? म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, भांडण नसताना, त्याच प्राण्याची दहा मिनिटं घ्यायची. भांडणानंतरचा संपर्क साध्या दिवसापेक्षा लवकर झाला, तरच त्याला समेट म्हणायचं. चार दिवसांत अशा जोड्या पाच-सहाच मिळतील. त्यांचं वर्णन करा, टक्केवारी काढू नका.

मादीच्या मागच्या बाजूला मोठी गुलाबी सूज आहे. आजार आहे का?

नाही. ऋतुचक्रात ती वाढते-ओसरते. चक्र साधारण 36 दिवसांचं असतं. सूज पूर्ण असताना नर तिच्याभोवती जास्त असतात आणि नरांमधली ताणाताण वाढते, म्हणून रोज सकाळी प्रत्येक मादीपुढे "नाही / थोडी / पूर्ण" असं लिहून ठेवा. हे न लिहिल्यामुळे बुधवारची भांडणं शनिवारी का थांबली याचं उत्तर मिळत नाही.

शेण खाणं, एकाच जागी डोलणं, स्वतःचे केस उपटणं हेही लिहायचं का?

लिहायचंच. लाजून सोडू नका आणि प्राणिसंग्रहालयावर आरोप करायचा म्हणून फुगवूही नका. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा ठिकाणच्या 40 चिंपांझींमध्ये, गटात राहत असूनही, प्रत्येकात काही ना काही विचित्र वर्तन आढळलं होतं. लहानपणी आईपासून तुटलेल्यांमध्ये डोलणं जास्त दिसतं, म्हणून रखवालदारांना इतिहास विचारा. वेळ आणि आधीची घटना लिहा. अन्न यायच्या आधीच्या तासात डोलणं वाढतं का, गर्दी वाढल्यावर केस उपटणं वाढतं का, हे तक्त्यावरून दिसलं तर ते व्यवस्थापनाच्याही कामाचं आहे.

गर्दीचा परिणाम कसा मोजायचा?

दर दहा मिनिटांच्या फेरीला कठड्यापाशी किती माणसं आहेत ते मोजा आणि आवाज "शांत / बोलणं / आरडाओरडा" असा लिहा. एवढ्याने काम होतं.

काही नर प्रेक्षकांवर दगड-माती फेकतात. स्वीडनमधल्या फुरुविकच्या प्राणिसंग्रहालयातला सांतिनो नावाचा नर सकाळी, लोक यायच्या आत, शांतपणे दगड गोळा करून ढीग रचायचा आणि नंतर फेकायचा. 2009 मध्ये ते प्रसिद्ध झालं. म्हणून नर केस फुलवून डोलायला लागला की दोन पावलं मागे सरा आणि दुर्बिणीतून डोळा काढा.

आम्हा दोघांच्या नोंदी जुळत नाहीत. कोणाची खरी?

कदाचित कोणाचीच नाही. दोष व्याख्येत असतो. पहिल्या दिवशी दोघांनी एकाच प्राण्याच्या शंभर क्षणांची नोंद एकमेकांच्या वहीत न बघता घ्या. नुसती टक्केवारी फसवते: प्राणी बहुतेक वेळ बसलेलाच असेल तर डोळे मिटून "बसला" लिहिलं तरी जुळतं. म्हणून कोहेनचा कप्पा (kappa) काढा, म्हणजे योगायोगाने जुळलेलं वजा करून खरी जुळणी सांगणारा आकडा. समजा 100 पैकी 88 जुळले, म्हणजे 0.88. दोघांच्या वर्तनांच्या प्रमाणावरून नुसत्या योगायोगाने जुळण्याचा अंदाज 0.40 निघाला. मग (0.88 − 0.40) ÷ (1 − 0.40) = 0.80. एवढा आला तर पुढे चला. कमी आला तर कुठल्या दोन वर्तनांत गोंधळ झाला ते शोधा. बहुतेकदा ते "जवळ बसणं" आणि "केस निवडणं" किंवा "खेळ" आणि "मार" असतात. खेळात पळणारा मागे वळून बघतो, थांबतो, पुन्हा पळतो आणि नंतर दोघं सोबत राहतात. मारात किंकाळी असते आणि पळणारा थांबत नाही. व्याख्येत हे घाला, आणि शंभर क्षण पुन्हा घ्या.

शेवटी आकडे कसे काढायचे?

आधी "दिसत नाही" वजा करा. एखादीचे 80 क्षण, त्यातले 8 दिसली नाही, उरले 72. त्यात 12 वेळा केस निवडणं, म्हणजे 12 ÷ 72, साधारण 16.7 टक्के. 80 ने भागलंत तर 15 टक्के येतील, आणि जी मादी आतल्या बाजूला जास्त बसते ती उगाच अलिप्त दिसेल.

जोडीची जवळीक काढताना दोघंही दिसत होते अशाच फेऱ्या धरा: त्यांपैकी किती फेऱ्यांत ते हाताच्या अंतरात होते. आलेले आकडे चित्रात मांडा. प्रत्येक प्राण्याचा एक गोल, जवळीक जास्त तिथे जाड रेघ. आई आणि लहान पिल्लू यांची रेघ वेगळ्या रंगाने दाखवा, कारण पिल्लू चार-पाच वर्षं दूध पितं आणि ती रेघ बाकी सगळ्यांना झाकून टाकते.

पाच प्राण्यांच्या चार दिवसांवरून "चिंपांझी असे वागतात" असं लिहू नका. "या गटात, या चार दिवसांत असं दिसलं" असं लिहा.

मला सर्दी झाली आहे. मास्क लावून जाऊ का?

जाऊ नका. माणसाचे श्वसनाचे आजार चिंपांझीला लागतात आणि रानातल्या गटांत त्यांनी बळी घेतले आहेत. काचेचा पिंजरा असला तरी कठड्याची, दाराची जागा उघडी असते. गटातल्या कोणाला निघताना खोकला असेल तर त्याने घरी थांबून तक्ते संगणकावर भरण्याचं काम घ्यावं. रोज रात्री त्याला मोबाईलवर पानांचे फोटो पाठवा. रिकामे राहिलेले रकाने त्याच रात्री सापडतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते सुधारता येतात.